पाल पाळायची म्हणता? आधी तिचं घर मांडून पाहा

मैत्रिणींनो, मथळा वाचून अंगावर काटा आला असेल तर नवल नाही. ज्या प्राण्याला आपण केरसुणी घेऊन देवघरातून हुसकावतो, जो अंगावर पडला तर पंचांग उघडून फळ पाहतो, नाहीतर सरळ डोक्यावरून आंघोळ करून मोकळ्या होतो, तो म्हणे विकत आणायचा, त्याला काचेचं घर करायचं आणि वर रोज त्याच्यासाठी पेज कालवायची! पण हल्ली पुण्या-मुंबईकडची हौशी मंडळी परदेशी पाली पाळू लागली आहेत. मुलं त्यांची चित्रं मोबाइलवर पाहतात आणि शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून सुरू होतात, "आई, आपण क्रेस्टेड गेको आणू या ना. ती भुंकत नाही, तिचे केस गळत नाहीत, काही त्रास नाही." वडील बहुधा पेपरातून डोकं वर न काढता "आईला विचार" म्हणतात. प्रश्न फिरून आपल्याच ओट्यावर येऊन बसतो.

माझं मत आधीच सांगते. 'नाही' म्हणायची घाई करू नका आणि 'हो' म्हणायची तर त्याहून करू नका. पालीच्या आधी पालीचं घर करा. ते रिकामंच ठेवा, त्यात एक थर्मामीटर टांगा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. जे काय ठरायचं ते त्यातूनच ठरेल.

हे मी खंडाळा, शिरवळ, लोणंद या भागातल्या घरांसाठी मुद्दाम लिहिते आहे. आपला खंडाळा म्हणजे सातारा जिल्ह्यातला, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा. लोणावळ्याशेजारचा, सिनेमातल्या गाण्यातला, धुक्याचा खंडाळा तो वेगळा. नवे पाहुणे फसतात, स्वेटर घेऊन येतात! तसा प्राणी विकणाराही फसेल. "खंडाळ्याला ना? मग काय, थंड हवा, तिला छान मानवेल" असं तो फोनवर म्हणाला, तर त्याला आपला एप्रिल-मे आठवून सांगा. आपल्याकडे तेव्हा पारा ३८ च्या पुढे जातो. आणि या पालीचं सगळं काही अडतं ते नेमकं इथे.

ही पाहुणी कुठली?

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला समुद्रात न्यू कॅलेडोनिया नावाचं बेट आहे. फ्रान्सच्या ताब्यातलं. त्याच्या दक्षिण भागातल्या आणि शेजारच्या लहान बेटांवरच्या ओल्या रानात ही पाल राहते. डोळ्यांच्या वर पापण्यांच्या केसांसारखे बारीक काटे, तिथून पाठीपर्यंत गेलेली झालर, अंगाचा रंग कधी पिवळसर, कधी विटकरी, कधी चहासारखा. खऱ्या पापण्या तिला नाहीतच. डोळ्यावर धूळ बसली की जीभ बाहेर काढून डोळा चाटून पुसते. मुलांना हे पाहायला फार आवडतं. शेपटीसकट ती वीतभर लांब होते आणि पूर्ण वाढ झाल्यावर वजन साधारण ४० ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगदाण्यांइतकं.

गिशेनो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८६६ साली तिची नोंद केली. पुढे ती इतकी दिसेनाशी झाली की लोक तिला नामशेषच समजून चालले होते. १९९४ साली तिथल्या एका वादळानंतर ती पुन्हा सापडली. तेव्हा पकडलेल्या थोड्या जिवांपासून माणसांनी पैदास केली, आणि आज जगभर घराघरांतून दिसतात त्या त्यांच्या लेकी-नाती.

यात आपल्या जिल्ह्याचा एक धागाही आहे. २०१२ साली ज्या अभ्यासकांनी या पालीच्या कुळाची फेरमांडणी करून तिचं शास्त्रीय नाव बदललं, त्यांत एरन बाऊअर होते. याच बाऊअर यांनी त्याआधी २००८ साली वरद गिरी यांच्याबरोबर आपल्या साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरची एक जमिनीवर राहणारी पाल जगापुढे आणली. तिच्या नावातच सातारा आहे, 'हेमिडॅक्टिलस सताराएन्सिस'. पवनचक्क्या पाहायला आपण सहकुटुंब जातो त्याच पठारावर ती दगडांखाली राहते, आणि आपल्याला पत्ता नसतो.

आपल्या भिंतीवरच्या पालीत आणि या पाहुणीत एक मोठा फरक आहे, तो मुलांना आधीच सांगून ठेवा. आपल्या पालीची शेपूट तुटली तर पुन्हा येते. हिची तुटली की तुटली, परत उगवत नाही. त्यावाचून तिचं फारसं अडत नाही, रानातल्या मोठ्या पाली बहुतेक बिनशेपटीच्याच असतात. पण तुमच्या मुलाने दांडगाईने धरलं आणि शेपटी हातात राहिली, तर रडं आवरायला तुम्हीच असणार.

थर्मामीटरची परीक्षा

न्यू कॅलेडोनिया उष्ण कटिबंधातलंच, पण चहूकडून समुद्राने वेढलेलं. तिथे ना आपल्यासारखा वैशाखवणवा, ना आपल्यासारखी कोरडी झळ. म्हणून या पालीला दिवसा २२ ते २६ अंश सेल्सिअस मानवतं, रात्री त्याहून थोडं उतरलं तरी चालतं. पारा २८ च्या वर टिकून राहिला की ती अस्वस्थ होते, खाणं सोडते. तिशीच्या पुढे तास न् तास गेले तर जीव जातो. इंग्रजी पुस्तकांतून पाहिलंत तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या घरात उबेसाठी दिवा लावा, गादी लावा, हेच पानोपानी असतं. ती पुस्तकं थंड देशांतल्या बायाबापड्यांसाठी लिहिलेली. आपल्याला ऊब आणायची नाही, घालवायची आहे.

तेव्हा काय करायचं? दिवसातला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी पारा दाखवणारा साधा थर्मामीटर मिळतो, तो आणा. आर्द्रता दाखवणारा असला तर आणखी चांगलं. घरात जिथे पालीची पेटी ठेवायची म्हणता तिथे, पेटीच्या आतच, तो टांगा. मार्चपासून जूनपर्यंत रोज तीन वेळा आकडा लिहायचा. सकाळी दूध तापवताना, दुपारी तीनच्या सुमारास आणि रात्री ओटा आवरल्यावर. वेगळी वही नको, वह्या हरवतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतो त्याच चौकटीत लिहा. आणि हे लिहिण्याचं काम मुलाकडे द्या. मुलाने चार महिने न चुकता आकडे लिहिले तर पालीचं तोही करील, असं समजायला हरकत नाही. दहाव्या दिवशी चौकटी रिकाम्या दिसल्या, तर तेही कळलंच.

जागा कुठली निवडाल? वरच्या मजल्यावरची स्लॅबची खोली नको. ती दिवसभर ऊन पिते आणि रात्री बारापर्यंत ओकत बसते. पत्र्याच्या खोलीचं नाव काढू नका. पश्चिमेची खिडकी, टीव्हीच्या वरची फळी, फ्रिजच्या मागची गरम हवा जिथे येते तो कोपरा, हे सगळं बाद. ज्यांचं जुनं, जाड मातीच्या भिंतींचं घर अजून उभं आहे त्या नशीबवान. माजघरात भर दुपारी गेलं की डोळ्यांना अंधारी आणि अंगाला गारवा लागतो ना, तीच जागा. नव्या बांधणीच्या घरात तळमजल्यावरची, उत्तरेकडची, मध्ये कुठेतरी दडलेली खोली पाहा.

एवढं करूनही पारा तिशीला टेकला तर आपले जुने उपाय करून पाहा. वाळ्याचा पडदा, दारावर ओलं गोणपाट, कूलर. आपल्या भागात मे महिन्याची हवा कोरडी असते, म्हणून पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. माठ गार होतो तो याच गुणाने. खोली दोन-चार अंश उतरते, वर पालीला हवी तशी ओलही मिळते. पाऊस सुरू झाला की हा उपाय लागू पडत नाही, कारण हवाच ओली असते, पण तेव्हा पारा आपसूक उतरलेला असतो. अडीअडचणीला फ्रिजमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या जाळीच्या झाकणावर ठेवता येते. ती मात्र दर दोन-तीन तासांनी बदलावी लागते. म्हणजे भर दुपारी पाठ टेकलेली असताना उठायचं कुणी, हे ठरवून घ्या.

राहिली गोष्ट एअरकंडिशनरची. घरात असेल तर प्रश्न निम्मा सुटला, पण निम्माच. यंत्र रात्री माणसांसाठी चालतं, पालीला ते दुपारी लागेल. विजेचं बिल पाहून घरात जे बोलणं होईल ते तुम्हाला माहीत आहे. आणि मे महिन्यात दुपारी वीज गेली, चार तास आली नाही, तर? रिकाम्या पेटीतला पारा अशा दिवशी कुठवर चढतो ते पाहून ठेवायला हवं. तुमच्या चार महिन्यांच्या आकड्यांत तो दिवस नक्की येईल. जूनअखेर कॅलेंडर खाली उतरवा आणि फक्त दुपारचे आकडे पाहा. सगळे उपाय करूनही ओळीने दिवसच्या दिवस २८ च्या वर असतील, तर मुलाला समोर बसवून तेच दाखवा. आईने नाही म्हटलं असं मग होत नाही, आकड्यांनी म्हटलेलं असतं.

थंडीचं फारसं कौतुक नको. डिसेंबर-जानेवारीत पहाटे आपल्याकडे बरंच गार होतं, पण बंद घरात ते बाधण्याइतकं क्वचित उतरतं. पेटीच्या तीन बाजूंनी जुनी शाल लावली, वारा यायला जागा ठेवली, की भागतं.

दुभत्याचं कपाट आठवतं?

आता घर. पूर्वी प्रत्येक स्वयंपाकघरात दुभत्याचं जाळीचं कपाट असायचं. चारी बाजूंनी हवा, मांजराला आत शिरकाव नाही, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. पालीचं घर म्हणजे जवळजवळ तेच! कुणाच्या माळ्यावर तसलं कपाट पडून असेल तर ते जसंच्या तसं मात्र वापरू नका. लोखंडी जाळी रोजच्या पाण्याने गंजते, खरखरीत जाळीवर पालीचं नाक सोलवटतं आणि चहूकडून जाळी असल्यामुळे ओल टिकत नाही. पण कल्पना तीच ठेवा.

पूर्ण वाढलेल्या एका पालीला दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी कमीत कमी लागते. उंची महत्त्वाची, कारण ही झाडावर चढणारी जात. माशांची आडवी पेटी उभी करून वापरतात काहीजण, चालते. सुतार किंवा अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणारा कारागीर गावात असेलच, त्याच्याकडून करून घेतलीत तर बरं. बाजू काचेच्या, दार समोरून उघडणारं, वरचं झाकण गुळगुळीत बारीक जाळीचं, आणि दाराखाली बोटभर रुंदीची जाळीची पट्टी. खालून हवा आत, वरून बाहेर. दार वरून उघडणारं करू नका. वरून येणारा हात पालीला ससाण्यासारखा वाटतो. कारागिराला एक गोष्ट बजावून सांगा, सांध्याला, दाराच्या कडेला पेन्सिलीइतकीही फट नको. नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम दीड-दोन ग्रॅमचं असतं. रंग, चिकटवण्याचं मेण यांचा वास पुरता जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, पेटी उघडी ठेवायची. तुम्ही उन्हाळाभर रिकामीच ठेवणार आहात, तेव्हा ते आपोआप होईल.

पिल्लू असेल तर मोठी पेटी लगेच देऊ नका. त्याला खाणं सापडत नाही, आपल्याला ते सापडत नाही. हवेसाठी भोकं पाडलेला पोह्यांचा मोठा पारदर्शक डबा काही महिने पुरतो.

आतली मांडामांड हा खरा हौसेचा भाग. तळाला लहानपणी नुसता साधा कोरा कागद, रोज बदलायला सोपा. मोठेपणी नारळाच्या काथ्याचा भुगा, कोकोपीट म्हणून रोपवाटिकेत मिळतो तो, दोन-तीन इंच. बागेतली माती नको, तिच्यात किडे आणि फवारणीची औषधं असतात. मग फांद्या. अंगठ्याएवढ्या जाडीच्या, उभ्या, आडव्या, तिरक्या. पेरू, आंबा, बांबू चालेल. उकळत्या पाण्यातून काढून उन्हात खणखणीत वाळवून घ्या. चीक गळणाऱ्या झाडांच्या नकोत, आणि कण्हेरीची तर चुकूनही नको. अर्धी नारळाची करवंटी, कडा घासून गुळगुळीत केलेली, दिवसा लपायला छान. आणि झाडं! मनी प्लँट आपल्या प्रत्येकीच्या घरी आहेच. त्याच्या दोन फांद्या लहान कुंडीत लावून आत ठेवा. रुंद पानावर ती पाल अंगाचं मुटकुळं करून झोपते. रोपवाटिकेतून नवं रोप आणलंत तर पानं धुऊन, महिनाभर बाहेर ठेवून मगच आत. सजावटीत जागा मोकळी फार ठेवू नका. गच्च भरलेल्या पेटीत ती निर्धास्त असते. मोकळ्या गुळगुळीत काचेवर उलटी लटकून झोपायची सवय लागली तर शेपटी एका बाजूला लोंबते आणि कंबरेचं हाड वाकतं.

रोज संध्याकाळी दिवेलागणीला फवाऱ्याच्या बाटलीने आत पाणी शिंपडायचं. पानांवरचे थेंब चाटून ती पाणी पिते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पेटी बऱ्यापैकी सुकायला हवी, सतत ओलं राहिलं तर बुरशी धरते. बोअरचं पाणी जड असेल तर काचेवर पांढरे डाग पडतात, म्हणून उकळून गार केलेलं किंवा गाळणयंत्रातलं घ्या. ओल कमी पडली तर कात टाकताना बोटांना सालीची कडी अडकून राहते आणि बोटच झडतं. सगळं नीट असेल तर कात कधी टाकली हे तुम्हाला दिसणारही नाही, ती स्वतःच खाऊन टाकते.

एका पेटीत एकच पाल. "तिला सोबत नको का?" असं मुलं विचारतील. नको. दोन नर भांडून एकमेकांना फाडतात. नर-मादी ठेवलीत तर मादी महिना-दीड महिन्याने दोन-दोन अंडी घालत राहते, तिच्या हाडांतलं चुन्याचं सत्त्व ओसरतं, आणि पिल्लं द्यायची कुणाला हा घोर तुम्हाला.

खाणं, आणि ओट्यावरचे नियम

रानात ती पिकलेली फळं, फुलांतला मध आणि किडे खाते. पाळणाऱ्यांसाठी या पालीची तयार भुकटी मिळते. एक भाग भुकटीला दोन भाग पाणी घालून दह्याच्या दाटपणाची पेज करायची आणि बुचाएवढ्या वाटीत, पेटीच्या मध्यावर उंचावर ठेवायची. एक दिवसाआड द्या. आपल्या उकाड्यात पेज रात्रीत आंबते, तेव्हा सकाळी उरलेली काढून टाकाच. नुसती केळी-पपई कुस्करून घालून भागत नाही, हे घरात सर्वांना निक्षून सांगा. आजीचा जीव राहवत नाही, ती गोड खाऊ घालते. आठवड्यातून एखाद-दोनदा रातकिडे देतात, तेही पाळलेले, चुन्याच्या भुकटीत घोळवलेले. ही चुन्याची भुकटी म्हणजे कॅल्शियमची औषधी भुकटी बरं का, पानाला लावायचा चुना नव्हे! घरातली झुरळं, अंगणातले किडे पकडून घालू नयेत. झुरळांच्या खडूचं, कांद्या-उसावरच्या फवारणीचं विष त्यांतून पोटात जातं.

चुनखडीचं सत्त्व कमी पडलं तर या पालीला आपल्या मुलांच्या मुडदुसासारखाच रोग होतो. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, चढताना थरथरते. सुरुवातीला कळलं तर थांबवता येतो, वाकलेलं हाड मात्र सरळ होत नाही.

आता आपल्या हद्दीतली गोष्ट. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. प्राणी धडधाकट दिसतो आणि माणसाला जुलाब, ताप, उलट्या. म्हणून पालीची वाटी, पाण्याची बाटली, फांद्या काहीही स्वयंपाकघराच्या मोरीत धुवायचं नाही. न्हाणीघरात वेगळी बादली, वेगळा ब्रश. पेज कालवायचा चमचा वेगळा, त्याला रंगीत दोरा बांधून ठेवा. हात लावला की साबणाने हात धुणं, पाल कितीही गोड दिसली तरी तिचा मुका नाही. घरात पाच वर्षांखालचं मूल, थकलेले सासू-सासरे, किंवा मोठ्या आजाराची औषधं चालू असलेलं माणूस असेल, तर त्यांनी तिला हाताळू नये. घरी तान्हं असेल तर मी म्हणेन, चार-पाच वर्षं थांबा. दुकानं कुठे पळून जात नाहीत.

पेटी पुसायला फिनेल नको, त्याचा वासही तिला बाधतो. कढत पाणी आणि थोडा साबण, मग स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडं. त्या खोलीत डासांची कॉइल, झुरळांचा फवारा बंद. म्हणजे ती मुलांची झोपायची खोली असेल तर डासांचं काय, याचा विचार आधी. मच्छरदाणी काढा पुन्हा पेटीतून.

आजारी पडली तर

शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही आपल्या तालुक्याची जमेची बाजू. पण गाई-म्हशींची, कुत्र्या-मांजरांची नाडी ओळखणं वेगळं आणि चाळीस ग्रॅमच्या पालीची वेगळं. म्हणून पाल आणण्याआधीच चौकशी करा, अशा प्राण्यांचं जाणणारं कुणी आहे का, नसेल तर पुण्यात कुणाकडे जायचं. आजारी पाल डब्यात घालून हायवेवर फोन लावत बसण्याची वेळ येऊ नये. वजन दर पंधरवड्याला बारीक काट्यावर करा, तो काटाही तिचाच. पालीचं दुखणं चेहऱ्यावर दिसत नाही, वजनात दिसतं.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी कायद्याच्या. आपल्या रानातली घोरपड, कासव, पोपट असला कुठलाही वन्य प्राणी घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. 'देशी आहे, स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. परदेशी प्राण्यांपैकी ज्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंध-यादीत आहेत त्यांची, २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांप्रमाणे, सरकारकडे नोंद करावी लागते. तेव्हा जातीचं नाव, ती पाळीव पैदाशीची असल्याचा कागद आणि पावती घ्या, आणि यादीचं वन खात्याच्या कार्यालयात विचारून खात्री करा. आणि नकोशी झाली म्हणून खंबाटकीच्या झाडीत कधीही सोडायची नाही. उन्हाळ्यात तिचा तडफडून अंत होईल, आणि नाही झाला तर परदेशी जीव आपल्या रानात सोडल्याचं पाप.

हिशेब वर्षांचा

आता सर्वांत मोठा आकडा. ही पाल नीट सांभाळली तर पंधरा ते वीस वर्षं जगते. आज हट्ट धरणारी तुमची दहा वर्षांची लेक तेव्हा पंचवीस-तिशीची असेल. बारावी होईल, पुण्याला होस्टेलवर जाईल, नोकरीला लागेल, सासरी जाईल. लग्नात रुखवतावर पालीची पेटी मांडणार आहात का? हसू नका, ही पेटी शेवटी तुमच्याकडेच राहणार आहे. म्हणून मी म्हणते, मुलांना आवडते का एवढंच विचारू नका, तुम्हाला स्वतःला आवडते का ते विचारा. अनेक बायकांना आवडतेही, बरं का. दिवसभर झोपलेली असते, आपली कामं आवरली की जागी होते, आवाज नाही, मागणं नाही. रात्री घर निजल्यावर तिला फांदीवरून फांदीवर उडी घेताना पाहण्यात एक स्वस्थपणा आहे. तो तुम्हाला मिळत असेल तर रोजचा फवारा आणि वाटी जड वाटणार नाही.

पण घरच्या रहाटीत ती बसते का, तेही पाहा. लोणंदच्या घरांना हे सांगायला नको. आषाढवारीत माउलींची पालखी मुक्कामाला आली की घरात किती माणसं असतात, कुठल्या खोलीत वळकट्या नसतात? त्या गर्दीत पेटी कुठे हलवणार, दार उघडं कोण टाकणार? मे महिन्यात माहेरी जाल तेव्हा, नेमकी कडक उन्हाळ्यात, ती कुणाकडे ठेवणार? शेजारणीला आधी विचारा. तिचा चेहरा पाहूनच उत्तर कळेल.

आणि परीक्षेत घर नापास झालं तर

तर केलेली पेटी फुकट जात नाही. तीत नेचे लावा, शेवाळ लावा, दिवाणखान्यात सुंदर दिसते. पालीची हौस भागवायला संध्याकाळी ट्यूबलाइटखाली मुलाला बसवा. आपल्या घरात एकाच जातीची पाल असते असं वाटतं, पण नीट पाहिलं तर अंगावर बारीक ठिपक्यांची वेगळी, पोटाशी पिवळट झाक असलेली थोराड वेगळी, झाडाच्या खोडावरून घरात आलेली खरखरीत वेगळी. कुणाची शेपूट नवी फुटलेली आहे ते रंगावरून ओळखू येतं. कुठली पाल कुठल्या फोटोमागे राहते, किती वाजता बाहेर येते, एका तासात किती किडे गट्ट करते, हे वहीत लिहायला सांगा. शिकार चुकली की ती काय करते तेही.

आपल्या घरातली पाल विषारी नाही. दुधात पडली तर दूध टाकायचंच, पण ते विषामुळे नव्हे, तिच्या अंगावरच्या घाणीमुळे आणि जंतूंमुळे. त्यामुळे भांड्यांवर झाकण आणि भिंतीवर पाल, दोन्ही सुखाने नांदू शकतात. डास-किडे खाते त्याचं तर तिला काही मोलही द्यावं लागत नाही. तिला ना फवारा लागतो ना कूलर. खंडाळ्याचा मे महिना तिने पिढ्यान् पिढ्या काढलेला आहे.

चाळकेवाडीला सहल गेली तर मुलांना सांगा, इथे साताऱ्याच्या नावाची पाल राहते. दगड उचलून शोधायची नाही, तिचं ते घर आहे. पावसाळ्यानंतर जाल तर पठार फुलांनी भरलेलं असतं, आणि जेवणाचे डबे मात्र वाऱ्याच्या आडोशाला बसूनच उघडा, तिथे वारा फार.